बेकन, बर्गर आणि आपली दहाची पेज

खाडीकाठ (देवबाग, मालवण)

सर्वांना नमस्कार. देवबागला खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर आहे आणि गेली नऊ वर्षे आम्ही दोघे तेथे पाहुण्यांसाठी निवास-न्याहारीची सोय चालवतो. गेल्या महिन्यात उतरलेल्या एका कुटुंबाने जाताना अभिप्राय लिहिला की जागा सुंदर आहे, माणसे चांगली आहेत, परंतु न्याहारीला नीट असे काही मिळत नाही; मुलांना बर्गर तर राहोच, साधे ब्रेड-बटरसुद्धा मिळाले नाही. त्या सकाळी मी त्यांना घावणे, खोबऱ्याची चटणी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार वाढले होते. तो 'नीट' हा शब्द माझ्या मनाला लागून राहिला.

माझा पुतण्या पुण्याला हॉटेलच्या धंद्यात आहे. त्याचे म्हणणे असे की आता विदेशी पाहुणेही येतात, तेव्हा अंडी, बेकन आणि टोस्ट अशी इंग्लिश न्याहारी आणि मुलांसाठी बर्गर फलकावर लिहून टाकावे. मला त्याचा राग आला नाही, परंतु एक प्रश्न मात्र पडला आणि तो मी येथे मांडते आहे. हे पदार्थ त्यांच्याकडे न्याहारीचे झाले कसे? आणि आपल्याकडे पहाटे शेतावर किंवा होडीवर जाणाऱ्या माणसाने जे खाल्ले, ते 'नीट' नाही असे आपल्यालाच कधीपासून वाटू लागले?

घावण्याविषयी दोन शब्द लिहिते, कारण पुष्कळांना तो डोशाचा गरीब भाऊ वाटतो. तांदळाचे पीठ ताकासारखे पातळ करावे लागते आणि ते सारखे तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावण्यापूर्वी हात घालून तळापासून ढवळावे लागते. बिडाचा तवा, ज्याला आम्ही भिडे म्हणतो, तो चांगला तापला की अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा आणि पीठ कडेकडून आत ओतत यायचे. तवा पुरेसा तापलेला असेल तर पीठ पडताच चर्र आवाज होऊन जाळी पडते. नसेल तर घावणा तव्याला असा चिकटतो की खरवडूनच काढावा लागतो. पहिला घावणा बहुधा बिघडतोच आणि तो कावळ्यांना जातो. सहा माणसांची न्याहारी म्हणजे माझा सकाळचा सव्वा तास चुलीपुढे जातो. ब्रेड भाजून देणे याहून कितीतरी सोपे आहे, हे मी जाणते.

वाशिष्ठी (मूळ चिपळूण, सध्या हॅम्बुर्ग, जर्मनी)

ताई, बर्गरचे नाव ज्या गावावरून पडले त्या गावात मी चार वर्षांपासून राहते आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. बर्गरमध्ये हॅम म्हणजे डुकराचे मांस असते हा समज आपल्याकडे बऱ्याच जणांचा आहे. परंतु तो शब्द हॅम आणि बर्गर असा फुटत नाही, तर हॅम्बुर्ग गावाचा तो हॅमबर्गर असा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला जाणारे लाखो लोक येथल्या बंदरातून निघाले आणि खिम्याची भाजलेली चकती 'हॅम्बुर्ग स्टेक' या नावाने न्यूयॉर्कच्या खाणावळींत विकली जाऊ लागली. तिला पावात पहिल्यांदा कोणी घातले यावर अमेरिकेतली निदान चार-पाच गावे आपापला हक्क सांगतात. त्याची साखळी दुकाने मात्र १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी 'व्हाइट कॅसल' या नावाने सुरू झाली, हे नक्की. त्या काळी खिम्यात काय मिसळलेले असेल याची लोकांना धास्ती असे, म्हणून त्यांनी दुकान पांढरेशुभ्र ठेवले आणि पदार्थ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भाजला. म्हणजे बर्गर हा मुळात कामगाराने दिवसा किंवा रात्री उभ्या उभ्या खाण्याचा पदार्थ आहे, न्याहारीचा नाही. येथे हॅम्बुर्गमध्येही सकाळी बर्गर खाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सकाळी येथे लहान गोल पाव, चीज, मांसाचे थंड काप आणि उकडलेले अंडे असा बेत असतो. कच्च्या डुकराच्या मांसाचा खिमा कांदा घालून पावावर लावून खाणारेही पुष्कळ आहेत. त्याच्या शेजारी बसून चहा पिण्याची सवय व्हायला मला एक वर्ष लागले.

परंतु तुम्हाला आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. येथे एल्बे नदीच्या काठी दर रविवारी मासळीबाजार भरतो आणि तो १७०३ पासून भरत आला आहे. उन्हाळ्यात तो पहाटे पाचला सुरू होतो आणि साडेनऊला उठतो. तेथे लोक सकाळी सहा वाजता पावात शिरक्यात मुरवलेला हेरिंग मासा आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या घालून उभ्याने खातात. मी पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा वाऱ्याबरोबर आलेला मासळीचा, मिठाचा आणि ओल्या लाकडाचा वास थेट रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवरचा होता. जगप्रसिद्ध बर्गरच्या गावची खरी सकाळ मासळी-पावाची आहे, हे तुमच्या पुतण्याला जरूर सांगा.

बंदरवाला (हर्णै, दापोली)

मी सत्तावीस वर्षे मालवाहू जहाजांवर होतो. आता घरीच असतो. आमच्या पट्ट्यात घरटी एक माणूस जहाजावर असे, त्यामुळे बेकन हा शब्द हर्णै-बाणकोटकडच्या म्हाताऱ्यांना मुंबईच्या साहेबांइतकाच जुना आहे. खलाशांसाठी रांधणाऱ्याला जहाजाच्या बोलीत भंडारी म्हणत. अधिकाऱ्यांचा स्वयंपाकी वेगळा असे आणि तो बहुतेक वेळा गोव्याचा असे. मी अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढपी होतो. आमच्या धर्मात डुक्कर वर्ज्य आहे, म्हणून मी ते कधी चाखले नाही, परंतु हजारो वेळा ताटात वाढले आहे आणि ते कसे होते हे जवळून पाहिले आहे.

आमचा गोव्याचा स्वयंपाकी बेकनचे काप थंड तव्यात मांडत असे आणि मग खाली आच लावत असे. तवा आधी तापवला तर काप आक्रसून वेडेवाकडे होतात आणि चरबी आतच राहते. थंड तव्यावर हळूहळू तापले तर चरबी वितळून बाहेर येते आणि काप त्याच चरबीत तळले जातात. तेलाचा थेंबही लागत नाही. मग त्याच चरबीत तो अंडी सोडत असे. इंग्रज कप्तान असला की पाठीकडच्या मांसाचे रुंद काप लागत, अमेरिकी असला की पोटाकडच्या चरबीच्या लांब पट्ट्या लागत, आणि एकाचे दुसऱ्याला चालत नसे.

चार ते आठची पाळी करून वर आलेला अधिकारी ते ताट ज्या भुकेने संपवत असे, ती भूक पाहिल्यावर ते खाणे जड आहे असे कोणी म्हटले नसते. इंजिनखोलीत चार तास घाम गाळलेल्या माणसाला मीठ आणि चरबी लागतेच. आमचे खलाशी त्याच वेळी खाली भंडाऱ्याने केलेला भात आणि सुक्या मासळीचे कालवण खात. मला दोन्ही ताटे एकाच कामाची वाटत आली आहेत. युरोपात हिवाळ्यात जनावरांना वैरण पुरत नसे, म्हणून लोक थंडीच्या तोंडाशी डुकरे मारत आणि मांस मीठ लावून, धुरी देऊन पुढच्या महिन्यांसाठी टांगून ठेवत. आपण मे महिन्यात बांगडे चिरून, मीठ भरून वाळूवर सुकवतो, कारण पुढे दर्या बंद होतो. त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. खाडीकाठ ताई, बेकन म्हणजे त्यांचा खारा बांगडा आहे. याहून निराळे त्यात काही नाही.

सुरंगी (रत्नागिरी)

बंदरवाला काका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे. त्याला थोडी पुस्ती जोडते.

बेकन जुने आहे हे खरे, परंतु 'अमेरिकी न्याहारी म्हणजे बेकन आणि अंडी' हे समीकरण बऱ्याच अंशी जाहिरातीने घट्ट केलेले आहे. १९२० च्या दशकात बीच-नट नावाच्या कंपनीला बेकनचा खप वाढवायचा होता. तेव्हा अमेरिकेत पुष्कळ लोक सकाळी कॉफी, एखादा पाव आणि फळांचा रस एवढ्यावरच भागवत होते. कंपनीने एडवर्ड बर्नेझ या प्रसिद्धीतज्ज्ञाला नेमले. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉईड यांचा तो भाचा. त्याने बेकनची स्तुती करणारी जाहिरात दिलीच नाही. त्याने एका डॉक्टरला विचारले की सकाळी हलके खावे की भरपूर खावे. डॉक्टरने भरपूर म्हटल्यावर त्याच्याकरवी सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्रे पाठवली. त्यांपैकी सुमारे ४,५०० जणांनी होकार दिला असे बर्नेझनेच पुढे सांगितले आहे. ते मत वर्तमानपत्रांत छापून आले आणि त्याच्या जोडीला बेकन-अंड्यांचे नाव गेले. ज्या मक्याच्या पोह्यांना आपण कॉर्नफ्लेक्स म्हणतो, तेही मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात रुग्णांना साधा आणि सात्त्विक आहार द्यावा या हेतूने निघाले आणि १९०६ मध्ये केलॉग बंधूंपैकी धाकट्याने कंपनी काढून ते घरोघरी पोहोचवले. एकाच देशात, एकाच पिढीत, एकाने न्याहारी हलकी करायला सांगितली आणि दुसऱ्याने जड करायला सांगितली.

मात्र आपण फार हसू नये, कारण आपला सकाळचा चहा तरी कोठे आपला होता? चहाच्या प्रसारासाठी सरकारने १९०३ मध्ये कायदा करून चहावर उपकर बसवला आणि पुढे त्या पैशातून या देशात चहा पिण्याची सवय लावण्याचे प्रयत्न झाले. माझी पणजी चहाला 'मुंबईचे पाणी' म्हणत असे आणि शेवटपर्यंत तिने सकाळी मेतकूट-मऊभात, वर तूप आणि कडेला लिंबाचे लोणचे, एवढेच खाल्ले. आज रत्नागिरीतल्या किती घरांत सकाळी चहाआधी पेज होते? दडपे पोहेसुद्धा आता पाहुणे आले तरच होतात, कारण ओले खोबरे खवायला कोणाला सवड नाही.

जगात बाकी ठिकाणी पाहिले तर सकाळचे आणि दुपारचे अन्न वेगळे असावे हा नियमच दिसत नाही. जपानी माणूस सकाळी भात, मिसोचे सार आणि भाजलेला मासा खातो. म्यानमारमध्ये मोहिंगा म्हणजे माशाच्या रश्शात तांदळाच्या शेवया हीच न्याहारी आहे. श्रीलंकेत सकाळी तांदळाच्या वाफवलेल्या शेवया खातात आणि त्या हुबेहूब आपले शिरवळे आहेत. आपण ते नारळाच्या गोड रसात बुडवतो, ते तिखट खोबऱ्याशी किंवा रश्शाशी खातात. मलेशियात नारळाच्या दुधात शिजवलेला भात सकाळी सुक्या, तळलेल्या मासोळीबरोबर देतात. भात, नारळ आणि मासा असलेल्या सगळ्या किनाऱ्यांनी सकाळ साधारण एकाच रीतीने साजरी केली आहे, आणि आपण त्याच किनाऱ्याचे आहोत.

वाडीकर (सावंतवाडी)

सर्वांचे लेखन आदराने वाचले. तरी मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे आणि ती थोडी कडू लागेल.

पेज आम्ही आवड म्हणून पीत नव्हतो. घरात सात माणसे आणि तांदूळ दोघांपुरता, म्हणून त्यात पाणी वाढवत वाढवत त्याची पेज होत असे. आई मुलांच्या ताटात शिते घाली आणि स्वतः वरचे पाणी पिई. खारा बांगडा भाजून त्याचा एक तुकडा पाच जणांत फिरे. तो खायचा नसे, जिभेला लावायचा असे. आज शहरातून आलेल्या पाहुण्याला मातीच्या भांड्यात पेज वाढून 'पारंपरिक' म्हणून पैसे घेतलेले पाहिले की मला माझी आई आठवते आणि घास उतरत नाही. माझी नातवंडे बर्गर मागतात, मी आणून देतो आणि ते पोटभर खातात हे पाहून मला बरे वाटते. गरिबीच्या अन्नाचे कौतुक करताना ती गरिबी विसरू नये, एवढीच विनंती.

बार्देसकर (म्हापसा)

वाडीकर काकांनी लिहिले ते आमच्या घरालाही लागू आहे. तरीही पाव आणि मांस यांच्या जोडीला परके म्हणण्यापूर्वी आमच्याकडे यावे, असे सुचवतो.

१५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले आणि त्यांच्यामागून पाव आला. पाव हा शब्दही त्यांचाच, बटाटा हाही त्यांचाच, आणि मिरची नि काजू त्यांच्याच गलबतांतून अमेरिका खंडातून आले. आमच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, पीठ फुगवायला माडाची सूर (माडी) वापरली, कारण यीस्ट कोठून आणणार? अजूनही पहाटे सायकलचा भोंगा वाजला की मी पिशवी घेऊन पाव घ्यायला फाटकाशी जातो: उंडे, कोंड्याची पोळी, कडक काकण, असे पावाचेच प्रकार.

आणि चवरीस पाहा. डुकराचे मांस आणि चरबी, मिरची, लसूण, मसाला आणि सुरेचा शिरका यांत मुरवून आतड्यात भरायचे, उन्हात सुकवायचे, धुरावर टांगायचे. कढईत घातले की त्याचीच लाल चरबी सुटते. त्यात कांदा परतायचा आणि गरम पाव चिरून त्यात भरायचे. बेकन आणि बर्गर हे दोघेही या एका पदार्थात आहेत, फक्त कोणी तसे म्हटले नाही. पावसाळ्यासाठी मे महिन्यात जी बेगमी भरतात तिला आम्ही पुरुमेंत म्हणतो. त्यात चवरीसच्या माळा, खारे मासे, आमसुले आणि मिठातल्या कैऱ्या शेजारी शेजारी असतात. बंदरवाला काकांनी मांडलेला हिशोब आमच्या आजीच्या माळ्यावर डोळ्यांनी दिसत असे.

नवगावकर (अलिबाग)

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात डुक्कर वर्ज्य आहेच, शिवाय मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, त्यामुळे चीज घातलेला बर्गर आमच्या धर्मनियमात बसत नाही. परंतु आमच्या मलिद्यात कोकणचे पोहे, गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे असते आणि प्रेषित एलियाहू हनावी यांच्या नावाने आभार मानताना तोच ताटात मांडतात. पोह्यांना सर्व धर्म चालतात, एवढेच मला लिहायचे होते.

वैद्यबुवा (कणकवली)

आरोग्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये बेकन, सॉसेज यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. हा वाढीव हिस्सा मूळ धोक्यावरचा आहे. शंभरांतल्या अठरा जणांना रोग होतो असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच संस्थेच्या त्याच यादीत चिनी पद्धतीचा खारवलेला मासाही आहे. आपली मीठ लावण्याची रीत वेगळी असली तरी रक्तदाब असलेल्यांनी खारा बांगडा रोज खाऊ नये, हे मी माझ्या रुग्णांना सांगतो आणि ते ऐकत नाहीत. खाण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास बरेच मीठ निघून जाते.

खाडीकाठ (देवबाग, मालवण)

इतके भरभरून लिहिल्याबद्दल आपणां सर्वांची मी ऋणी आहे. वाडीकर काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या यजमानांना वाचून दाखवला आणि ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या घरीही तसेच होते. पेजेचे वेगळे पैसे मी कधीच घेतले नाहीत आणि पुढेही घेणार नाही. दहा वाजता आमच्या घरची माणसे आणि माडावर चढायला आलेला गडी पेजेला बसतात, तेव्हा पाहुण्यांपैकी कोणाला हवी असेल त्याने आमच्याच पंगतीला बसावे, असे आम्ही ठरवले आहे. कोणी विचारले की पूर्वी काय खात होता, तर तुम्ही सांगितलेलेच सांगेन, पाण्यासकट.

बेकन मी ठेवणार नाही. एक तर ते आणायचे गोव्याहून आणि शीतपेटीत सांभाळायचे, शिवाय आमच्या चुलीवर ते कधी झालेले नाही, आणि जे आपल्याला येत नाही ते पैसे घेऊन दुसऱ्याला वाढणे मला पटत नाही. मुलांचा प्रश्न मात्र खरा आहे; लहान मूल नव्या जागी ओळखीचे काही मागते, यात त्याचा दोष नाही. म्हणून मालवणच्या बेकरीतून सकाळचा पाव आणि लोणी रोज येईल. त्या कुटुंबाची तेवढी तक्रार योग्य होती आणि त्या सकाळी मी मनातून उगीच दुखावले गेले. शिवाय वाशिष्ठीच्या हॅम्बुर्गवरून सुचले म्हणून सुरमईचा उकडलेला तुकडा काटे काढून, बटाटा आणि हिरवी मिरची घालून, रव्यात घोळवून त्याची चकती केली आणि ती पावात कांद्याच्या चकतीबरोबर ठेवली. रविवारी दोन मुलांनी ती खाल्ली आणि एकाने दुसरी मागितली. घावणे मात्र रोज होणारच.

बंदरवाला काका, आणखी एक सांगायचे राहिले. तुम्ही लिहिलेली थंड तव्याची रीत मी काल खाऱ्या बांगड्यावर करून पाहिली. वैद्यबुवांच्या सांगण्याप्रमाणे आधी भिजवून, पुसून तो थंड भिड्यावर ठेवला आणि खाली मंद आच लावली. तेल न घालताही कडेने थोडे तेल सुटले, कातडी पापडासारखी झाली आणि आतला मासा मऊ राहिला. यजमानांनी खाऊन पाहिला आणि चांगला झाला असे म्हणाले, परंतु निखाऱ्याचा वास नाही म्हणून दुसरा तुकडा चुलीत भाजायला लावला.

बंदरवाला (हर्णै, दापोली)

त्यांचे बरोबर आहे. तव्यावरून उतरवल्यावर करवंटीच्या जळत्या निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी क्षणभर धरून पाहा. आमच्याकडे घरी तसेच करतात.